गोत्र, सपिंड आणि सुप्त दोष
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



या वर्षीच्या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या व्यासपीठावरून आजवर कुलांचा इतिहास, शिक्षणनिधी, वसतिगृह, उद्योगधंदे अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. मी आज घेतलेला विषय प्रत्येक घरात निघतो. परंतु दोन-चार वाक्यांतच संपतो. मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरवावयाचे झाले म्हणजे आपण प्रथम गोत्र विचारतो. गोत्र निराळे निघाले की नात्याची शंका फिटली असे समजून आपण पत्रिकेकडे आणि देण्याघेण्याच्या बोलण्याकडे वळतो. ही शंका खरोखरच फिटते काय, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. वनस्पतिशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा माझी वाट झाडांवरून माणसांकडे जाते, याची आपण क्षमा कराल.

जवळच्या नात्यातील संयोग टाळण्याची काळजी प्रथम मनुष्याने घेतली, असे नाही. आपल्या परसातील झाडांकडे पाहावे. देशी पपईत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. उंच जातीच्या नारळाच्या एकाच पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. पण नर फुलांचा बहर आधी संपतो आणि मादी फुले मागाहून तयार होतात. सीताफळाचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. म्हणून सीताफळाची लागवड करणाऱ्यास चांगली फळे हवी असल्यास कुंचल्याने हातपरागण करावे लागते. कित्येक वनस्पतींचा स्त्रीकेसर तर स्वतःच्याच फुलातील पराग ओळखून त्याला रुजू देत नाही. प्राण्यांकडे वळलो तर माकडांच्या टोळीतील नर वयात आले की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातात. चिंपांझींमध्ये हे घर सोडणे बहुधा माद्यांच्या वाट्यास येते. घर सोडणाऱ्या जनावराला परक्या मुलुखात उपासमार, मारामारी आणि मृत्यू यांना तोंड द्यावे लागते. एवढी जबर किंमत निसर्ग ज्या गोष्टीसाठी मोजतो, ती गोष्ट क्षुल्लक असू शकत नाही.

ती कोणती, हे पद्धतशीर प्रयोगाने दाखविण्याचे मोठे श्रेय चार्ल्स डार्विन यांस आहे. एका रानफुलाची रोपे त्यांनी शेजारी शेजारी दोन वाफ्यांत लावली होती. एका वाफ्यात स्वपरागणाच्या बियांची रोपे होती, दुसऱ्यात परपरागणाच्या. स्वपरागणाची रोपे उघड उघड खुरटी दिसली, तेव्हा डार्विन थक्क झाले. पुढे अकरा वर्षे त्यांनी ५७ जातींच्या वनस्पतींवर प्रयोग केले आणि १८७६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. उंची, वजन, बीजधारणा या बाबतींत परपरागणाची संतती बहुतेक ठिकाणी सरस ठरली. जवळच्या नात्यातील संयोगाने संततीचा जोम उतरतो, याला शास्त्रात अंतःप्रजनन-ऱ्हास म्हणतात.

या थोर शास्त्रज्ञाच्या घरची गोष्ट आपल्याकडील पुष्कळांस ओळखीची वाटेल. १८३९ साली त्यांनी विवाह केला तो एमा वेजवुड यांच्याशी, म्हणजे आपल्या सख्ख्या मामेबहिणीशी. त्यांना दहा अपत्ये झाली आणि त्यांतील तीन बालपणीच गेली. लाडकी अ‍ॅनी १८५१ साली दहाव्या वर्षी वारली. त्या काळी बालमृत्यू घरोघर होत असत. तेव्हा हे मृत्यू नात्यातील विवाहामुळेच झाले, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ती शंका डार्विन यांच्या मनाला लागून राहिली. इंग्लंडच्या १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या विवाहांविषयी प्रश्न घालावा, असा आग्रह त्यांनी आपल्या स्नेह्यामार्फत पार्लमेंटात धरला. पार्लमेंटाने तो फेटाळला. लोकांच्या घरातील गोष्टी विचारू नयेत, हा संकोच केवळ आपलाच नाही, हे यावरून दिसेल.

आता या ऱ्हासाचे कारण पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पुष्कळ दोष असे असतात की, एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. असा मनुष्य निरोगी असतो. त्याला आपल्या अंगातील दोषाची कल्पनाही नसते. अशा दोषास सुप्त दोष आणि तो बाळगणाऱ्यास वाहक म्हणतात. निसर्गाची निवड ही चाळणीसारखी असते. जे उघड दिसते तेच तिच्यात अडकते. सुप्त दोष चांगल्या प्रतीच्या आड लपलेला असल्यामुळे चाळणीतून निसटतो आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतो. नवे दोष उत्पन्न होतच असतात. त्यामुळे अगदी धडधाकट मनुष्याच्या अंगीही असे काही सुप्त दोष असतात. सुप्त दोष नाही, असे कुल पृथ्वीच्या पाठीवर नाही. ज्यांना आपल्या रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान आहे, त्यांनी हे वाक्य मनाशी नीट ठेवावे.

निरनिराळ्या कुळांतील दोघांचे सुप्त दोष बहुधा निरनिराळ्या जनुकांत असतात आणि म्हणून ते एकमेकांना झाकतात. परंतु पती-पत्नीचा पूर्वज एक असेल, तर त्या पूर्वजाचा एकच दोष दोघांकडे आलेला असण्याचा संभव वाढतो. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर दर अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. मामेबहीण-आतेभाऊ यांच्या अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून मिळण्याची शक्यता सोळांत एक. मामा-भाचीच्या अपत्याला ती आठांत एक. ब्रॅडफर्ड शहरातील अकरा हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहात जन्मजात व्यंगाचा धोका शेकडा सुमारे तिनावरून सहावर जातो, असे त्यात आढळले. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा. धोका दुप्पट होतो, हे खरे. आणि शंभरांतील चौऱ्याण्णव बालके निर्व्यंग जन्मतात, हेही खरे. ज्यांच्या घरी असा विवाह झाला आहे त्यांना भिवविण्याचा किंवा दोष देण्याचा माझा हेतू नाही.

येथे एक शंका येईल. भात आणि गहू तर पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणानेच वाढतात. त्यांचा ऱ्हास का होत नाही? याचे उत्तर असे की, सततच्या स्वपरागणाने सुप्त दोष उघडे पडतात, ते बाळगणारी रोपे मरतात आणि हळूहळू पुष्कळ दोष वंशातून धुतले जातात. शिवाय जेथे जोडीदार मिळण्याची खात्री नाही, तेथे एकट्या रोपाला वंश चालविण्याची सोय होते. म्हणजे निसर्ग सरसकट नियम घालीत नाही; तो जमाखर्च मांडतो. जेथे नातेसंबंधाचे नुकसान टाळण्याच्या खर्चापेक्षा अधिक, तेथे टाळण्याची वृत्ती उत्क्रांत होते. जेथे कमी, तेथे होत नाही. परंतु ही धुलाई कशाने होते, हे विसरू नये. ती रोपांच्या मृत्यूने होते. शेतातील हजार रोपांतील शंभर गेली तर शेतकरी ती उपटून टाकतो. घरातले एक मूल गेले तर ते घर जन्मभर सावरत नाही. मनुष्याला हा मार्ग मोकळा नाही.

स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने ही किंमत मोजली. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून दोनशे वर्षे त्यांनी काका-पुतणी, मामा-भाची, चुलत-मावस भावंडे यांचे विवाह लावले. १५२७ ते १६६१ या काळात त्या घरात जन्मलेल्या ३४ अपत्यांपैकी १७ दहा वर्षांची होण्यापूर्वीच वारली. शेवटचा राजा दुसरा कार्लोस हा मामा-भाचीच्या विवाहाचे अपत्य. आधीच्या पिढ्यांतील नाती जमेस धरली असता त्याचा अंतःप्रजनन-अंश सुमारे पाव भरतो. म्हणजे सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याइतका! जन्मभर रोगग्रस्त राहून तो १७०० साली निपुत्रिक वारला आणि त्याच्या सिंहासनासाठी युरोपात मोठे युद्ध पेटले. जे राज्य घरात राहावे म्हणून हा खटाटोप केला, ते नेमके त्यामुळेच घराबाहेर गेले.

मनुष्यजातीने या संकटाभोवती दोन कुंपणे घातलेली दिसतात. पहिले कुंपण निसर्गाचे. बालपणी ज्यांच्याबरोबर आपण एका घरात वाढतो, त्यांच्याविषयी पुढे वैवाहिक आकर्षण वाटत नाही, असा सिद्धांत फिनलंडचे विद्वान एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ साली मांडला. इस्राएलातील सामुदायिक वसाहतींत निरनिराळ्या कुटुंबांची मुले एकत्र वाढविली जात. तेथील २७६९ विवाहांची पाहणी १९७१ साली प्रसिद्ध झाली. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत अखंड एकत्र वाढलेल्या दोघांचा विवाह तीत आढळला नाही, यद्यपि त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते आणि विवाहास कोणाची आडकाठीही नव्हती. तैवानमध्ये भावी सून लहानपणीच घरी आणून मुलाबरोबर वाढविण्याची चाल होती. अशा विवाहांत घटस्फोट अधिक आणि अपत्ये कमी, असे आर्थर वुल्फ यांनी दाखविले. यावरून या नैसर्गिक कुंपणाची मर्यादाही कळते. निसर्गाला रक्त ओळखता येत नाही. तो घर ओळखतो. मामाच्या गावी वाढलेली मामाची मुलगी या कुंपणाच्या बाहेर राहते.

दुसरे कुंपण आपल्या पूर्वजांनी घातले; गोत्राचे आणि सापिंड्याचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ टीकेत ‘पिंड’ शब्दाचा अर्थ श्राद्धातील पिंड असा न घेता शरीर असा घेतला. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड. पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत त्यांचा विवाह निषिद्ध. जनुकांचे नाव नसलेल्या काळात नात्याची ही कल्पना शरीराच्या अंशावर उभारावी, आणि तीत मातृकुलाचीही मोजदाद व्हावी, हे खरोखर वाखाणण्यासारखे आहे. पुढे १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहास मोकळीक मिळाली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्याची मर्यादा पित्याकडून पाच, मातेकडून तीन पिढ्या अशी आणली; रूढी असल्यास तीतूनही सूट दिली. आपल्या महाराष्ट्रात उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन्ही चाली एकत्र नांदतात. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात याची चर्चा केली आहे. कित्येक घरांत मामाची मुलगी करणे हा हक्क समजतात आणि कित्येक घरांत ते पाप समजतात.

परंतु व्यवहारात सापिंड्य मागे पडले आणि गोत्र तेवढे उरले. गोत्र केवळ पुरुषपरंपरेने चालते. आपल्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांपैकी एकाचाच धागा ते धरते. उरलेल्या पंधरांविषयी ते मूक आहे. मामेबहिणीचे गोत्र आपल्याहून निराळेच असते. तेव्हा गोत्र निराळे म्हणजे नाते नाही, हे समीकरण मुळातच खोटे आहे.

आणि यापुढचा हिशोब तर सबंध ज्ञातीचाच आहे. प्रत्येकाला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, असे मोजत गेल्यास दहा पिढ्यांमागे पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि वीस पिढ्यांमागे १०,४८,५७६. वीस पिढ्या म्हणजे सुमारे पाचशे वर्षे. त्या काळी ज्या ज्ञातीची घरे काहीशे किंवा काही हजार होती, तिच्यात दहा लाख पूर्वज आणावयाचे कोठून? अर्थातच तीच माणसे पुन्हा पुन्हा त्या जागांवर येतात. लहान ज्ञातीत लग्ने ज्ञातीतच होत राहिली, तर वधूवरांना ठाऊक नसलेले शेकडो दूरचे धागे दोघांना जोडीत असतात. हे कुंपण निसर्गाला दिसत नाही आणि गोत्रालाही दिसत नाही, कारण येथे ज्ञातीच एक मोठे घर झालेली असते.

हा केवळ तर्क नव्हे. हैदराबाद येथील पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गटांत थोड्या मूळ पूर्वजांची छाप फिनलंडचे लोक व मध्य-पूर्व युरोपातील ज्यू यांच्याहूनही ठळक आढळली. आणि हे दोन समाज तर आनुवंशिक विकारांच्या अभ्यासात जगभर उदाहरण म्हणून दिले जातात. आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यांच्या परिचयाचे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिलेल्या एका औषधाचा परिणाम इतरांत काही मिनिटांत ओसरतो. या समाजातील काही जणांत ते औषध मोडणारे द्रव्य रक्तात नसते आणि श्वास दीर्घकाळ बंद राहतो. भूलतज्ज्ञास हे आधी ठाऊक असेल तर प्राण वाचतात. ज्ञातीची ओळख सांगण्याचा हा उपयोग आपल्या पूर्वजांच्या स्वप्नातही नसेल!

म्हणून तिसरे कुंपण आता आपणच घातले पाहिजे, आणि ते ज्ञानाचे. त्याचा एक नमुना सांगतो. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे कर्मठ ज्यू समाजात टे-सॅक्स नावाच्या प्राणघातक विकाराने मुले दगावत. रब्बी योसेफ एकस्टाइन यांची चार अपत्ये त्या विकाराने गेली. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरीम’ ही संस्था काढली. तरुण-तरुणींचे रक्त तपासून प्रत्येकास केवळ एक क्रमांक देतात. स्थळ निघाले म्हणजे दोन्ही क्रमांक संस्थेस कळवावयाचे. जोडी निर्धोक आहे की नाही, एवढेच उत्तर मिळते. कोण वाहक आहे, हे कोणासही कळत नाही, कोणत्याही मुलीस डाग लागत नाही. धर्माचा एकही नियम न मोडता त्या समाजाने आपली बालके वाचविली.

आपल्याकडे आरंभ थॅलेसीमियापासून करता येईल. या विकाराच्या बालकास जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. देशात शेकडा तीन ते चार माणसे याची वाहक आहेत आणि काही ज्ञातींत हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. समजा, एखाद्या ज्ञातीत पन्नासांत एक वाहक आहे. तर अडीच हजार जोडप्यांत एक जोडपे दोन्ही बाजूंनी वाहक निघेल. हेच प्रमाण दहांत एक असेल तर शंभर जोडप्यांत एक. रक्ताची एक साधी तपासणी, तीही जन्मात एकदाच, हे सांगू शकते. विदर्भ आणि खानदेशाच्या काही भागांत सिकलसेलची तपासणी तितकीच अगत्याची आहे.

या दृष्टीने कार्यकारी मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वधूवर-सूचक नोंदवहीत गोत्राबरोबर आई, आजी आणि पणजी यांची माहेरची कुळे आणि गावे लिहून घ्यावीत. वंशावळीत बायकांची नावे गाळण्याची आपली चाल या एका कारणासाठी तरी मोडावी. दुसरी, विवाहयोग्य मुलामुलींच्या रक्ततपासणीची व्यवस्था मंडळाने एखाद्या रुग्णालयाच्या साहाय्याने करावी आणि निष्कर्ष ज्याचा त्यालाच द्यावा. तपासणी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही झाली पाहिजे. केवळ मुलीचीच तपासणी मागणे म्हणजे पत्रिकेतील मंगळाच्या जोडीला रक्तातला मंगळ निर्माण करणे होय. वाहक हा रोगी नव्हे. त्याने वाहक नसलेल्याशी निर्धास्त विवाह करावा. दोघेही वाहक निघाले आणि तरीही त्यांना एकमेकांचाच हात धरावयाचा असेल, तर गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. तो निर्णय त्या दोघांचा.

तिसरी सूचना काहींना अप्रिय वाटेल, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्लोरिडातील प्यूमा या वन्य मार्जाराची संख्या वीस-तीसवर आली, तेव्हा पिलांच्या हृदयांत छिद्रे आणि शेपट्यांना गाठी दिसू लागल्या. १९९५ साली टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढील पिढ्यांत ती व्यंगे कमी झाली आणि संख्या कित्येक पटींनी वाढली. आपण काही प्यूमा नाही, आणि विवाह ही काही पशुपैदाशीची योजना नव्हे. परंतु ज्या मुलामुलींनी पोटज्ञातीबाहेर किंवा ज्ञातीबाहेर मनाजोगा जोडीदार निवडला आहे, त्यांनी ज्ञातीचे नुकसान केले, असे मानण्यास शास्त्राचा काडीइतका आधार नाही. त्यांची नावे आपल्या सूचीतून गाळली जातात. ती पुन्हा घातली जावीत आणि त्यांच्या अपत्यांना शिक्षणनिधीचा लाभ मिळावा, असे मी नम्रपणे सुचवितो.

ज्ञातीसंस्था कशासाठी, असा प्रश्न हल्ली तरुण मंडळी विचारतात. माझ्या मते, एकमेकांच्या घरची माहिती आणि एकमेकांविषयीचा विश्वास, हे दोन ठेवे आपल्यापाशी आहेत. ते जपून केवळ अभिमान मिरविता येतो. किंवा ते खर्च करून काही पाळणे सुखाने हलते ठेवता येतात. आपण दुसरा मार्ग पत्कराल, अशी आशा आहे.